उज्ज्वलाताईंनी फिरवलेला शब्द

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय भैरवनाथ बाचकर, व्यासपीठावर उपस्थित असलेल्या संस्थेच्या सचिव साधनामॅडम, जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतून आलेले सरपंच, अंगणवाडीताई, आशाताई, बचत गटांच्या अध्यक्षा, माझे सर्व सहकारी, समोर बसलेल्या माझ्या मावश्या, काकू आणि आज्या, आणि ज्यांच्यासाठी आपण ऐन कांदालागणीत शेत सोडून मंचरला जमलो त्या आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती उज्ज्वलाताई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी प्राची. संस्थेत समाजकार्यकर्ती म्हणून कामाला लागून मला अजून फार काळ झालेला नाही. इथे माझ्याहून मोठी, जास्त अधिकाराची माणसं बसलेली असताना मला बोलायला उभं केलं, त्याबद्दल आयोजकांचे आभार. साधनामॅडमनी मला विषयही ठरवून दिला आहे. त्या म्हणाल्या, "प्राची, नुसतं कौतुक नको. ताईंची जागा आता आपल्याला भरायची आहे. तेव्हा वरिष्ठ समाजकार्यकर्त्याची भूमिका काय, पात्रता काय, यावर बोल. नवीन माणूस निवडताना समितीलाही उपयोग होईल."

मॅडम, मी मनापासून तयारी केली. कॉलेजातल्या वह्या काढल्या. समाजकार्यकर्ता हा समुपदेशक असतो, मध्यस्थ असतो, समन्वयक असतो, दुर्बलांचा आवाज असतो, असं आम्ही परीक्षेत लिहीत होतो. वरिष्ठ समाजकार्यकर्त्याने शिवाय नव्या कार्यकर्त्यांना मार्गदर्शन करायचं असतं, अवघड प्रकरणं हाताळायची असतात, सरकारी कचेऱ्यांशी संबंध राखायचे असतात. पात्रता म्हणाल तर समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, क्षेत्रकामाचा दांडगा अनुभव, आणि हल्ली प्रत्येक जाहिरातीत असतं तसं, दुचाकी चालवता येणे आवश्यक.

आता इथेच अडचण येते. ताईंना स्कूटर येते, पण ती त्यांनी आजवर कुठल्या गावात नेली आहे का? संस्थेने दिलेली स्कूटर त्या फाट्यावर लावतात आणि तिथून मळ्यापर्यंत चालत जातात. आमच्या राजुरीत तर लोक म्हणायचे, "बाई गाडीवरून पडली आसंल कवातरी, म्हनून आत आनत न्हाई." मीही लहानपणी तसंच समजत होते. ताई पडल्या वगैरे नव्हत्या, हे मला त्यांच्या हाताखाली काम करायला लागल्यावर कळलं.

आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. पाव्हणा निघाला की घरातलं कुणीतरी त्याला रस्त्यापर्यंत घालवायला जातं. न गेलं तर त्या घराला नावं ठेवतात. ताई घरात गेल्या की तक्रारीचं बोलत नाहीत. चहा घेतात, कांद्याला यंदा करपा पडला का विचारतात, गाईचं कौतुक करतात. घरातल्यांना वाटतं, ही बाई आली कशाला आणि निघाली कशाला? आणि उठताना ताई सुनेकडे बघून सहज म्हणतात, "चल गं, मला रस्त्यापर्यंत घालवायला ये." आता याला कुठली सासू नाही म्हणणार? नवरा तरी काय म्हणणार? मग मळ्यातून फाट्यापर्यंतच्या त्या वाटेवर ती बाई बोलते. घरात तिच्या तोंडून शब्द निघत नाही, आणि वाटेवर तो थांबत नाही. स्कूटर दारात नेली असती तर ही वाट मिळाली असती का? समितीने दुचाकीचा परवाना जरूर बघावा. पण गाडी कुठे लावायची, हेही उमेदवाराला विचारावं, एवढीच माझी नम्र सूचना.

कौतुक झालं. आता मी जे सांगणार आहे ते कौतुक नाही. निरोप समारंभात असं सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग. पण नावं घेऊन सांग. नावं गाळलीस की त्याचं प्रवचन होतं." म्हणून नावं घेऊन सांगते. ताईंनी एकदा चूक केली होती, आणि ती आमच्याच घरात केली होती.

मी तेव्हा अकरावीत होते. राजुरीच्या मळ्यात आमचं एकत्र घर होतं. आजोबा भगवंत, आजी धोंडाबाई, थोरले काका दादाभाऊ, त्यांच्या पत्नी लंकाबाई, त्यांना मी मोठी आई म्हणते, आणि माझे वडील भरत, माझी आई आणि आम्ही मुलं. वडिलांनी पारगावला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, तिथेच घर बांधायचं चाललं होतं. इकडे मोठी आई आणि माझी आई यांचं पटेनासं झालं होतं. कुणाचं चुकत होतं, हे मी इथे सांगणार नाही, कारण दोघीही आज समोर बसल्या आहेत आणि संध्याकाळी मला घरी जायचं आहे.

भावकी दोनदा बसली. जमलं नाही. तेव्हा काकांनीच ताईंना बोलावलं. ताई आल्या, चहा घेतला, मोठ्या आईला घेऊन फाट्यापर्यंत गेल्या. पुढच्या वेळी माझ्या आईला नेलं. दोघींनी वाटेवर त्यांना एकच सांगितलं असणार. वेगळं राहू द्या, पण दोन्ही म्हाताऱ्या माणसांचं करणं एकटीच्या गळ्यात नको.

मग वाटणी ठरली. ती ठरवण्यात ताईंचा मोठा वाटा होता. राजुरीचं घर काकांकडे, पारगावचं आमच्याकडे. विहिरीच्या पाण्याची पाळी ठरली. गाई वाटल्या, भांडी वाटली. आणि आजोबा थोरल्याकडे राजुरीत, आजी धाकट्याकडे पारगावला, असं ठरलं. आपल्यापैकी कुणाला यात काही वावगं वाटतं का? आपल्या गावांतून कितीतरी घरी हीच रीत आहे. म्हातारा थोरल्याकडे, म्हातारी धाकट्याकडे. भार सारखा, तक्रार नाही. दोन्ही सुना खूश झाल्या. आमच्या भावकीतले वडीलधारे गेनूनाना म्हणाले, "बाईनी लई झ्याक काम केलं राव. आमाला जमलं न्हाई ते जमवलं." नारळ फुटला. आपल्याकडे वाटणीचा नारळ फुटला की त्यावर पुन्हा बोलायचं नसतं.

आजी आत चुलीपाशी होती. आजोबा ओट्यावर बसले होते, पण त्यांना कमी ऐकू येतं. खोबऱ्याचा तुकडा हातात पडल्यावर त्यांनी विचारलं, "काय ठरलं रं?"

गेनूनाना त्यांच्या कानाशी ओरडले, "समदं नीट झालं!"

"बरं झालं," आजोबा म्हणाले, आणि खोबरं खायला लागले.

ताई निघाल्या. तेवढ्यात आजी पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, "आज मी येते घालवाया."

"आजी, तुम्ही कशाला? ऊन आहे, गुडघे दुखतात तुमचे."

"का? सुनांनाच रस्ता ठावं हाय व्हय?"

आईने मला आजीच्या सोबत धाडलं, म्हणून पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलेलं आहे. अर्ध्या वाटेवर आजी थांबली. दम लागला म्हणून थांबली असं मला वाटलं.

"बाई, येवढ्या येळा आमच्या घरी आलीस. थोरलीला न्हेलंस, धाकटीला न्हेलंस. सासूला कोन न्हेनार व्हतं?"

ताई हसल्या. "आज नेलं की."

"आता काय उपेग? नारळ फुटला. मला कुनी इचारलं का, ह्यांना सोडून ऱ्हाशील का म्हनून?"

"अहो आजी, ते राजुरीत, तुम्ही पारगावात. काय परदेशी चाललाय का? येणं-जाणं राहीलच की."

आजी म्हणाली, "येनं-जानं पावन्याचं आसतं, बाई. नवऱ्याकडं मी पावनी म्हनून जाऊ?"

फाट्यावर पोचल्यावर ताईंनी आजीला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि स्कूटरला किल्ली न लावता कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मला तर त्या वेळी आजीचाच राग आला होता. एवढं छान जमलेलं, आता ही काय मोडायला निघाली?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई परत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. येताना त्या गेनूनानांना घरून उठवूनच घेऊन आल्या होत्या, आणि नानांच्या मागे वस्तीवरची निम्मी भावकी. ओट्यासमोर उभं राहून ताई म्हणाल्या, "काल मी जे ठरवून दिलं ते चुकलं. नारळ तुमचा फुटला, पण चूक माझी आहे. मी दोन सुनांना विचारलं. ज्यांची वाटणी केली त्या दोघांना विचारलंच नाही."

काका उसळले. "आमी काय आईला वनवासाला धाडतोय का? भरत काय परका हाय? काल तुमीच बोलला, आज तुमीच मोडताय!"

मोठी आई म्हणाली, "म्हंजे दोगं बी शेवटी माझ्याच गळ्यात. मला ठावं व्हतं, असंच व्हनार." तिची भीती खोटी नव्हती. घरातली सगळी उस्तवार तीच करत आली होती.

गेनूनाना मात्र शांतपणे बोलले, आणि तेच ताईंना सगळ्यात जास्त लागलं असेल. ते म्हणाले, "बाई, तुमी शब्द फिरवताय. हितं मानूस शब्दावर चालतं. उद्याच्याला ह्या भावकीत तुमाला कोन इचारनार न्हाई, बघा."

"नका विचारू," ताई म्हणाल्या. "पण आज आजींना विचारा."

एवढं म्हणून ताई खाली बसल्या. स्वतः काही सुचवलं नाही, काही समजावलं नाही. पुढे कॉलेजात आम्हाला शिकवलं की मध्यस्थाने पर्याय मांडावेत. त्या दिवशी ताईंनी एकही पर्याय मांडला नाही. आदल्या दिवशी मांडून झाला होता ना!

नाना उंबऱ्याकडे वळले. "धोंडावैनी, बोला. काय पायजे तुमाला?"

आजी उंबऱ्यात उभी होती. आयुष्यात तिला हा प्रश्न कुणी चारचौघांत विचारला असेल असं मला वाटत नाही. पण ती अडखळली नाही.

"मला काय बी नको," ती म्हणाली. "ह्यांच्यासंगं भांडाया मिळालं पायजे. पारगावात मी कुनाशी भांडू? सुनंशी भांडलं तर म्हनत्यात, सासुरवास करती. लेकाशी भांडलं तर म्हनत्यात, म्हातारीचं डोकं फिरलं. नवऱ्याशी कितीबी भांडा, कोन काय म्हनत न्हाई."

आधी कुणी हसलं नाही. मग ओट्यावरून आजोबांनी विचारलं, "काय म्हंती ती?" आणि काकांना ते सगळं त्यांच्या कानात ओरडून सांगावं लागलं. रागातल्या माणसाने ते वाक्य ओरडून सांगायचं, कल्पना करा. सांगता सांगता काकांचाच आवाज फुटला आणि त्यांना हसू आलं.

आजोबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "बराबर हाय. ती वरडली न्हाई तर मला दुपार झालेली कळत न्हाई."

मग हशा झाला. त्या हशातच माझी आई उठून म्हणाली, "दिवाळीपासून आखाजीपातूर दोगं बी आमच्याकडं." मोठी आई तिच्याकडे बघत राहिली. बऱ्याच महिन्यांनी त्या दोघींनी एकमेकींकडे नीट बघितलं असेल. मोठी आई म्हणाली, "मग आखाजीपासून माझ्याकडं. पर दोगांची भांडनं सोडवाया मला बोलवायचं न्हाई."

कुणीतरी नारळ आणायला धावलं. गेनूनानांनी अडवलं. "एका वाटनीला दोन नारळ आमच्या बापजाद्यांत फुटलं न्हाईत. आसंच ऱ्हाऊ द्या." तेव्हा आमच्या घरचा तो ठराव बिननारळाचाच आहे, आणि आजपर्यंत तो मोडलेला नाही. दिवाळीला वडिलांचा टेम्पो राजुरीला जातो, अक्षय्य तृतीयेला काकांचा पारगावला येतो, आणि आजी-आजोबा पुढे बसून टेम्पोत भांडत जातात.

श्रोतेहो, गोष्ट इथे संपली असती तर फार सोपं झालं असतं. नानांचं म्हणणंही खरं ठरलं. "शब्द फिरवणारी बाई" हे नाव ताईंना चिकटलं. आमच्या भावकीनेच नव्हे, आसपासच्या वस्त्यांनीही त्यांना बोलावणं सोडलं. त्या फाट्यावर स्कूटर लावायच्या, चालत यायच्या, आणि लोक म्हणायचे, "या बाई, चहा घ्या," पण घालवायला कुणी उठायचं नाही. आपल्याकडे यापेक्षा मोठा नकार कुठला असतो? संस्थेतही कुणी कुणी म्हणालं, की ताईंनी एवढं उघडपणे चुकलं म्हणायला नको होतं. हळूच, आतल्या आत बदलून घेता आलं असतं. मी हे ऐकलं आहे. ज्यांनी म्हटलं तेही आज इथे आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पुढे काय झालं? बाजारच्या दिवशी एक म्हातारी कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसली. मग दुसरी आली. डोळ्यांचं औषध घ्यायला आले, नातीला भेटायला आले, असं काहीबाही सांगायच्या. खरं म्हणजे त्या आल्या होत्या आपल्या घरातलं सांगायला. तोवर आपल्या कचेरीत सुनाच यायच्या, मग सासवा यायला लागल्या. एकीने तर दारातच विचारलं, "चुकलं म्हंती ती बाई कुटं बसती?" आज ज्येष्ठांसाठी संस्थेचं जे काम दोन्ही तालुक्यांत चालतं, ज्याचा मघाशी अध्यक्षांनी अभिमानाने उल्लेख केला, ते या पायरीवरून सुरू झालं.

आणि ताईंनी स्वतःची रीतही बदलली. मी त्यांच्याबरोबर फिरायला लागले तेव्हा बघितलं, की कुठल्याही घरातून उठताना त्या सुनेकडे बघत नाहीत. सगळ्या घरावरून नजर फिरवतात आणि विचारतात, "या घरातून मला अजून कोण घालवायला आलेलं नाही?" कधी एखादे आजोबा उठतात. कधी नवरा उठतो, आणि वाटभर रडतो. गेल्या पावसाळ्यात भीमाशंकरकडच्या एका वाडीत एक सासू उठली, तर तिच्यामागे तिची सासूही उठली.

मी घरातली पहिली पदवीधर. माझे वडील दहावीपर्यंत शिकले, आई सातवीपर्यंत. समाजकार्याला प्रवेश घेताना मुलाखतीत मला विचारलं होतं, हेच क्षेत्र का? मी काहीतरी मोठं, सुंदर उत्तर दिलं होतं. खरं उत्तर ओट्यासमोर उभ्या असलेल्या ताई हेच होतं. मोठं माणूस चुकतं, हे मला माहीत होतं. कुठल्या घरातल्या मुलीला ते माहीत नसतं? पण मोठं माणूस परत येऊन, त्याच ओट्यासमोर, त्याच लोकांना "माझं चुकलं" असं सांगतं, आणि नंतर त्याची किंमत कुरकुर न करता मोजतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं, असं काम असेल तर ते मी करीन.

अध्यक्ष महोदय, ही जागा माझ्यासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. माझा अनुभव तेवढा नाही, मी अर्जही करणार नाही. पण समितीला एक विनंती करते. उमेदवार येतील, मोठ्या पदव्यांचे येतील, यायलाच हवेत. शिक्षणाला मी कमी लेखत नाही, ते मला फार कष्टाने मिळालं आहे. त्यांनी काय काय साध्य केलं ते जरूर विचारा. आणि त्यांनी दिलेला कुठला निर्णय पुढे त्यांनी स्वतः मागे घेतला, कुणासमोर घेतला, हेही विचारा. जो म्हणेल, माझ्यावर तशी वेळच आली नाही, त्याला चहा पाजून आपण रस्त्यापर्यंत सोडून येऊ.

ताई, तुम्ही आता आळ्याला लेकीकडे राहायला जाणार. तुमची प्रकृती चांगली राहो. आम्ही फोन करत राहू, कंटाळू नका.

हा कार्यक्रम घडवून आणणाऱ्या कार्यकर्त्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बायकांचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानते. गेनूनाना, मोठी आई, काका, तुमच्या तोंडची वाक्यं मी भर सभेत सांगितली. कुठे कमी-जास्त झालं असेल, लहान तोंडी मोठा घास झाला असेल, तर लेकरू म्हणून सांभाळून घ्या.

आता एक निरोप द्यायचा राहिला आहे. पहिल्या रांगेतली ती मोकळी खुर्ची आजीसाठी ठेवली होती. आजी आलेली नाही. आजोबांना थंडीमुळे खोकला झालाय. आज सकाळी मी तिला म्हटलं, गाडी आहे, चल. आई म्हणाली, "मामंजींजवळ मी थांबते, तुमी जाऊन या." वडिलांनीही समजावलं. ताई, आजी काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगते.

"ह्यांना सोडून मी त्या बाईच्या सत्काराला जाऊ? मग त्या बाईनं येवढं केलं कशापायी?"

ताई, आमच्या घराकडून तुमच्या सत्काराला ही मोकळी खुर्ची आहे. स्वीकार करावा.

धन्यवाद.